फूटपाथवर आलेलं लिंबू

पॉइंट कुक, ११ ऑक्टोबर २०२०

प्रिय ईशानी,

फोनवर मी भडकतो आणि तू कट करतेस, म्हणून लिहितोय. शेवटपर्यंत वाच.

युनि सोडल्याचं घरी अजून सांगितलेलं नाही. बाबांना वाटतं, ऑनलाइन लेक्चरं चालू आहेत. काम करतो कौन्सिलच्या कंत्राटदाराकडे. कुणाचं झाड फूटपाथवर आलं असेल तर मालकाला नोटीस द्यायची, नाही छाटलं तर दंड. नोटीस टाकताना लोक काचेआडून बघतात. दिवसभरात माणसाची नजर मिळते ती तेवढीच.

तुमची गल्ली माझ्याकडेच आली. मार्चमध्ये तुम्ही आजोबांसाठी पुण्याला गेलात, विमानं बंद झाली, तेव्हापासून घराला कुलूप. तुझ्या आईने लोणच्यासाठी लावलेलं लिंबू आता अर्धा फूटपाथ अडवून बसलंय, काटे नेमके तोंडाच्या उंचीला. मी दोनदा रिपोर्टमध्ये ठोकून दिलं, 'रस्ता मोकळा'. तू आलीस की दारात दंड नको. 'विमानं सुरू झाली की पहिलं तिकीट माझं,' असं तूच म्हणाली होतीस.

मग फोटोसकट तक्रार आली. आमचा सुपरवायझर कुमार, त्याला तुझं सगळं माहीत आहे. म्हणाला, "मेट, तुला झाडं दिसतात की नुसती ईशानीच दिसते?" माझं डोकं फिरलं. तक्रार करणाऱ्या डॉसनबाईंच्या दारात जाऊन ओरडलो. त्या वॉकर धरत बाहेर आल्या, गालावर हा एवढा ओरखडा. लॉकडाऊनमध्ये फिरायला मिळतात दोन तास, आणि माझ्या त्या 'मोकळ्या' रस्त्यापायी त्यांना वॉकरसकट गाड्यांमध्ये उतरावं लागत होतं. मी कसंबसं सॉरी म्हटलं, तर म्हणाल्या, "नो वरीज, लव्ह." शिवी घातली असती तर बरं वाटलं असतं. त्याच दुपारी करवत आणून झाड छाटलं. हात सोलवटलेत.

पण तक्रार आली की नोटीस निघतेच. काल ती छापून आली. मालकाच्या नावाने असते ना, पत्ता तुमचा आणि नाव कुणा भलत्याचंच. मला वाटलं, चूक आहे. ऑफिसात जाऊन भांडलो. त्यांनी शांतपणे दाखवलं, घर जुलैमध्येच विकलंय. जुलैमध्ये, ईशानी. पहिल्या तिकिटाचं तू मला ऑगस्टमध्ये सांगितलंस.

तू येणार नाहीस हे मी एका परक्या माणसाच्या नावात वाचलं. एकदा तुझ्या हाताने लिहून पाठव. कारण नको, समजूत नको. एवढंच लिही, की वाट बघू नकोस.

उत्तर येईपर्यंत तरी तुझाच,
वेद