मुठीतला अंगठा

प्रिय ठमे,

ॲक्शन सिनेमांतल्या नट्यांसाठी वेगळा पुरस्कार निघाला आणि पहिल्याच वर्षी नामांकनात तुझं नाव आलं, तेव्हापासून तुझ्या बाबांचे पाय जमिनीवर नाहीत. लिफ्टमध्ये भेटेल त्याला सांगत सुटलेत. मी मात्र गप्प आहे. बाबा म्हणतात, ही बाई दुधावरच्या सायीवरही संशय घेईल. घेईन. जन्मभर नायिकांच्या नावानं गच्च्यांवरून उड्या मारल्या मी. खालची गादी कुणी नीट लावली आणि कुणी नुसतं लावल्यासारखं केलं, हे वरूनच ओळखावं लागायचं.

तर मनात पाल चुकचुकली ती तुझ्या मुलाखतीत. पुलाच्या कठड्यावरून चालत्या ट्रकवर मारलेली ती उडी डुप्लिकेटची, श्रेय तिचं, असं तू हसतहसत सांगितलंस. सगळ्यांनी तुझ्या प्रामाणिकपणाचं कोण कौतुक केलं. जी मुलगी शाळेत मैत्रिणीची चित्रंही स्वतःची म्हणून दाखवायची, ती हातात आलेलं श्रेय असं सहजासहजी सोडेल? म्हणून तुझ्या डुप्लिकेटला फोन केला. माझ्याच हाताखाली तयार झालेली पोरगी, एरवी मावशी मावशी करत फोन ठेवत नाही. उडी तूच मारलीस ना, विचारलं, तर म्हणाली हो. कुठल्या खांद्यावर पडलीस, विचारलं, तर म्हणे दारावर कुणीतरी आलंय.

मग मी तो प्रसंग पुन्हा पुन्हा पाहिला. कॅमेऱ्याकडे पाठ, चेहरा कुठेच नाही. पण कठडा सोडण्याआधी त्या बाईनं मूठ वळली आणि अंगठा मुठीच्या आत घातला. असा अंगठा पडताना मोडतो, हे शिकाऊ पोरीलाही पहिल्याच दिवशी सांगतात. माझ्या हाताखालच्या प्रत्येकीची ती खोड मी घालवली. एकट्या तुझी गेली नाही. भीती वाटली की तू तसंच करतेस, लहानपणी इंजेक्शन घेतानाही करायचीस.

उडी तूच मारलीस. स्वतः कधी मारणार नाही, असा शब्द मला दिला होतास, तो मोडलास. राग आहेच, आणि खोटं कशाला बोलू, बघताना ऊरही भरून आला. इतकी स्वच्छ झेप मलाही क्वचितच साधली. पण नुसता शब्द मोडला म्हणून तू एवढा बनाव रचणार नाहीस. माझ्या रागाला तू कधी भ्यायलीस? पाणी दुसरीकडेच मुरतंय. तू डावखुरी, आणि नामांकनाच्या समारंभात फुलं घेतलीस उजव्या हातानं. हल्ली बोलताना फोन कशाला तरी टेकवून ठेवतेस. लांबसडक केस कापलेस, तेही म्हणे भूमिकेसाठी. कुठली भूमिका, ते बाबांनाही ठाऊक नाही.

माझा खांदा गेला तेव्हा मीही म्हणत होते, काही नाही, जरा लचकलाय. पुढचं काम हातचं जाईल ही धास्ती. आता माझी वेणी तुझे बाबा घालतात, आणि फार वाईट घालतात.

हे सगळं लिहायचं कारण म्हणजे कालची बातमी. पुरस्काराच्या रात्री तू एका हातानं, तेही डाव्या, दोराला लोंबकळत छतावरून मंचावर उतरणार आहेस म्हणे. ठमे, खांदा दुखावलेला असेल तर तो हात वरच सुटेल. फोनवर तू मला ताकास तूर लागू देणार नाहीस, म्हणून पत्र मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी मी तुझ्या दारात येऊन उभी राहीन. रागावणार नाही, पुरस्काराचं बोलणार नाही. दार उघडलंस की माझ्यासमोर दोन्ही हात डोक्याच्या वर नेऊन दाखव. जमलं, तर तुझ्या दोराची गाठ मी स्वतः तपासून देईन. नाही जमलं, तर पायात चपला घाल आणि मुकाट्यानं माझ्याबरोबर डॉक्टरकडे चल.

तुझीच, कुणावरही विश्वास न ठेवणारी,
आई