अकराच्या तासाची हजेरी

४ मार्च २०२४, सोमवार

आले एकदाची संभाजीनगरात! सोयगावहून पहाटेची एसटी धरली, सिल्लोडला अर्धा तास खोळंबा झाला, पण चहा आणि गरम भजी मिळाली म्हणून तक्रार नाही. हडकोत खोली मिळाली आहे. मालकीण उमाकाकूंनी स्वागताला दोन बादल्या पाणी भरून ठेवलं होतं. नळाला आठव्या दिवशी पाणी येतं इथं, त्यामुळं दोन बादल्यांचं मोल कळलं.

ऑफिस गुलमंडीत, साड्यांच्या दुकानावर तिसऱ्या मजल्यावर. शाळा सुटलेल्या मुलामुलींचे आणि मोठ्या माणसांचे ऑनलाइन प्रवेश करायचे, मुक्त शाळेतून दहावीला बसवायचं, मोबाइलवर वर्ग चालवायचे. शिकवणारे वेगळे, प्रवेश, हजेरी आणि वर्गाची यंत्रणा माझ्याकडं. केंद्रप्रमुख देवेश सर म्हणाले, तीन महिन्यांत शंभर प्रवेश आणि प्रत्येकाची ऐंशी टक्के हजेरी दाखवली की कायम करू.

आमच्या घरात चार पिढ्या लेखणीवर जगल्या. ज्यांच्या हातात ती आलीच नाही त्यांना द्यायची, हे काम मला फार आवडलं. बाबांना फोन करून तसं सांगितलंसुद्धा.

९ मार्च, शनिवार

आज एकाच घरातले दोन प्रवेश. आई आणि मुलगी.

पारूबाई छत्तीस वर्षांच्या, सहावीत शाळा सुटली. बांधकामावर जातात. मुलगी रूपा पंधराची. आठवीनंतर घरी, कारण पाण्याच्या टँकरची वेळ आणि शाळेची वेळ एकच. जळगाव रोडला सावंगीच्या पुढं त्यांची वस्ती. कागदपत्रं प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी कापडात, कापडाला गाठ.

अर्जावर नाव मी टाइप करणार होते. पारूबाई म्हणाल्या, मीच लिहिते. एका बोटानं अक्षरं शोधत त्यांनी पूर्ण नाव भरलं, चार मिनिटं लागली. मागचे लोक कुरकुरत होते, पण मी त्यांना घाई केली नाही. फोटोच्या वेळी विचारलं, हसलं तर चालतं का. चालतं म्हटलं. मग त्या अशा हसल्या की रूपा लाजली.

दोघींत एकच मोबाइल. म्हणून आईला मोठ्यांचा अकराचा वर्ग दिला, मुलीला दुपारी तीनचा. परीक्षेला लेकीसोबत एकाच दिवशी बसायचं आणि पुढच्या बाकावर बसायचं, असं त्यांचं ठरलं आहे.

८ एप्रिल, सोमवार

अठ्ठ्याऐंशी प्रवेश झाले. पण हजेरी!

सगळ्यात मागं पारूबाई. एकसष्ट टक्के. देवेश सरांनी यादीवर त्यांच्या नावाभोवती लाल गोल केला. मी दुपारी फोन लावला. त्या म्हणाल्या, घरात रेंजच नाय. आजूबाजूच्या शेतांचे प्लॉट पडले, पाट्या लागल्या, टॉवर मात्र कुणी लावला नाही. फक्त जुन्या विहिरीच्या कठड्यावर दोन दांड्या येतात.

मी म्हटलं, मग तिथं बसा.

त्या म्हणाल्या, कठडा एका अंगानं ढासळलाय मॅडम. मी म्हटलं, दुसऱ्या अंगाला बसा की, अडीच तासांचा तर प्रश्न आहे. नाहीतर नाव कमी होईल.

नाव कमी होत नाही. बोर्डाचा असा काही नियम नाही. ऐंशी टक्के ही देवेश सरांची अट आहे, आणि माझ्या नोकरीची. पण तसं म्हटलं नाही तर लोक मनावर घेत नाहीत.

१८ एप्रिल, गुरुवार

ऊन एक्केचाळीस. डोकं उठलं आहे.

अकराचा तास कसाबसा पार पडला. केयूर सर अपूर्णांक शिकवत होते. पाचच मिनिटं झाली असतील, पारूबाईंच्या चौकटीतलं चित्र गरगरलं आणि काळं झालं. मग त्यांच्याकडून घुमणारा आवाज यायला लागला, रिकाम्या रांजणात तोंड घालून कुणी बोलावं तसा. कुणालाच काही ऐकू येईना. केयूर सर वैतागून म्हणाले, तो आवाज बंद करा आधी. मी पारूबाईंचा माइक बंद केला. ही माणसं पुन्हा पुन्हा बटणं दाबत बसतात, म्हणून त्यांना तो उघडता येऊ नये अशी सोयही करून टाकली. कॅमेरा चालू करा, असं लिहून पाठवलं. उत्तर नाही.

एक वाजून छत्तीस मिनिटांपर्यंत मात्र त्या वर्गात होत्या. हजेरी लागली. एकदाच्या ऐंशी टक्क्यांवर गेल्या. लाल गोल खोडला.

२० एप्रिल, शनिवार

शेजारणीच्या मोबाइलवरून रूपाचा निरोप आला. पारूबाई वारल्या. काल सकाळी विहिरीत सापडल्या. गुरुवारी रात्रभर शोधत होते.

विहिरीला पाणी नाही, तळाशी नुसता गाळ आणि दगड. वस्तीतले लोक म्हणतात, उडी घेतली. गुरुवारी सकाळी नवऱ्याशी, कडुबाशी, या मोबाइलपायीच भांडण झालं होतं. काम सोडून शिकत काय बसते, असं तो ओरडला, ते सगळ्यांनी ऐकलं. पारूबाईंचा भाऊ राजकुमार यानं तक्रार दिली. कडुबाला पोलिसांनी नेलं.

मी वर्गाचं रेकॉर्डिंग उघडलं.

अकरा वाजून पाच मिनिटं. पारूबाईंचा चेहरा, मागं बाभळ. मग आभाळ, दगड, काळं. मग तो घुमणारा आवाज. हेडफोन लावल्यावर शब्द लागले.

"मॅडम, पडले मी. विहिरीत पडले. पाय हलत नाय. कुणाला तरी पाठवा, मॅडम."

तीन वेळा. चौथ्यांदा नुसतं "मॅडम". अकरा वाजून सात मिनिटांनी शांतता. ती शांतता माझ्या बोटाची.

तिथून पुढं दोन तास एकोणतीस मिनिटं ती बाई जिवंत होती की नाही, मला माहीत नाही. तिच्या चौकटीतलं माइकचं चिन्ह हलत होतं का, आठवत नाही. मी चहा प्यायले होते.

२२ एप्रिल, सोमवार

रेकॉर्डिंग काढून टाकलं.

हे लिहायलाच हवं, नाहीतर मीच विसरेन की मी केलं. एक बटण. खरंच काढायचं का, असं विचारतं. हो म्हटलं. त्यानं पारूबाई परत येणार नाहीत, आणि मी कायम झाले तर आणखी शंभर बायकांना शिकवेन, असं स्वतःला सांगितलं. कडुबाचा विचार करायचा नाही असंही ठरवलं.

अकराला वर्ग उघडला. यादीत पारूबाई हजर. काळी चौकट, खाली नाव, त्यांनी एका बोटानं भरलेलं.

वस्तीतल्या कुणाच्या मोबाइलवर खातं उघडं राहिलं असणार. मी त्यांना वर्गातून काढलं. दुपारी हजेरीचा तक्ता पाहिला. पारूबाई: अकरा पाच ते एक छत्तीस.

२३ एप्रिल, मंगळवार

पुन्हा आल्या. खातंच बंद करून टाकलं. वर्ग संपेपर्यंत चौकट तशीच. आज नीट बघितलं. बंद माइकच्या मागं हिरवी रेघ वरखाली होते. कुणीतरी बोलतंय. थांबतंय. पुन्हा बोलतंय.

केयूर सरांना विचारलं, तुम्हाला किती विद्यार्थी दिसतात. म्हणाले, एकेचाळीस. मला बेचाळीस.

२५ एप्रिल, गुरुवार

रूपा आली होती. एकटी, बसनं. तिच्या आईचा मोबाइल गाळात सापडला, चालू होत नाही. पोलिसांनी ठेवून घेतलाय.

समोर बसली. पाणी दिलं तर अर्धा ग्लास पिऊन उरलेलं परत माझ्याकडं सरकवलं, सांडू नये म्हणून. मग विचारलं.

"मॅडम, त्या दिवशी आई तासाला बसली होती का? बसली असंल तर ती पडली. तासाला बसलेली बाई मधीच उडी नाय घेत. तुम्ही येवढं लिहून द्या, म्हणजे बापाला सोडतील."

तिच्या पाठीमागं संगणकाच्या पडद्यावर वर्ग चालू होता. काळी चौकट. हिरवी रेघ.

मी म्हटलं, "नाही. त्या दिवशी आल्या नव्हत्या."

तिनं मान हलवली. रडली नाही. जिना उतरताना दर पायरीला थांबत होती, मी वरून मोजत होते. रेकॉर्डिंग काढताना भीती होती. हे मात्र मी शांत आवाजात बोलले, तिच्या डोळ्यांत बघून.

२७ एप्रिल, शनिवार

तासाआधी सूचना देत होते. विद्यार्थी लिहायला लागले, मॅडम, आवाज येत नाही. माइक बदलला. वायर बदलली. केयूर सरांचा आवाज नीट जातो. माझाच जात नाही.

२९ एप्रिल, सोमवार

झोप नाही. सांगून टाकायचं ठरवलं. दुपारी ऑफिसच्या गच्चीवर जाऊन पोलीस ठाण्याला फोन लावला. पलीकडून हॅलो, हॅलो, बोला ना. मी बोलत होते. नाव सांगितलं, तारीख सांगितली, माइक बंद केल्याचं सांगितलं. पलीकडचा म्हणाला, काहीच ऐकू येत नाही, आणि फोन ठेवला. सात वेळा लावला.

बाबांना लावला. तेही हॅलो, हॅलो. मग आईला म्हणाले, पोरीचा फोन आहे पण नुसती घुमघुम येते, विहिरीतून आल्यासारखी.

बाबांना कुणी सांगितलं विहीर?

१ मे, बुधवार

सुट्टी. उमाकाकूंना सगळं सांगायला बसले. समोरासमोर, हातभर अंतरावर. त्या माझ्या तोंडाकडं बघत राहिल्या. म्हणाल्या, मोठ्यानं बोल गं, घसा बसलाय का? हळदीचं दूध देऊन गेल्या.

मला माझा आवाज ऐकू येतो. स्वच्छ.

३ मे, शुक्रवार

दूधवाला, रिक्षावाला, देवेश सर. कुणालाच माझं ऐकू जात नाही. दुसरं काहीही बोललं तरी नाही. भाजी मागायला गेले तर बाई म्हणाली, काय ते हातानं दाखव —

सरांनी रजा दिली. शंभर प्रवेश झाले, कायम केलं, असंही म्हणाले. पेढा दिला.

४ मे, शनिवार

घरी मोबाइलवर वर्ग आपोआप उघडतो. अकरा पाच. सगळ्या चौकटी काळ्या, एकीतच रेघ हलते. तो माइक माझ्याच हातानं बंद केलेला, माझ्याच हातानं उघडायचा. बोट नेते आणि —

नाही धैर्य होत. शेवटी ती काय म्हणत होती ते ऐकायचं नाही मला.

५ मे, रविवार

कडुबा अजून आतच.

बोलता येत नाही, पण लिहिता येतं. हीच वही नेऊन द्यायची. रूपाच्या हातात. तिला वाचता येतं, आईपेक्षा भराभर.

६ मे, सोमवार. वस्तीवर, रूपाच्या घरी

दहाला पोचले. ऊन. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, त्याच्याखाली पारूबाईंचा, आमच्याच अर्जावरचा — हसरा. घरात रूपा आणि कडुबाची म्हातारी आई, साळूबाई. उंबऱ्यातच माझे पाय गेले. साळूबाईंनी धरून बसवलं, ऊन लागलं म्हणाल्या, ओला पदर कपाळावर ठेवला. त्यांच्या वाटचं पाणी असेल ते.

वही रूपाला दिली. ओळीखाली बोट धरून वाचलं तिनं. पहिल्या पानापासून. मध्ये थांबली नाही. वही परत माझ्या मांडीवर ठेवली.

एकच विचारलं. "दोन तास एकोणतीस मिन्टं आई काय बोलत होती?"

लिहून दाखवलं — मला माहीत नाही. मी ऐकलं नाही. ही वही पोलिसांकडं ने, तुझे वडील सुटतील.

तिनं वाचलं. मान हलवली. त्या दिवशीसारखीच.

अकरा पाच. इथं रेंज नसताना मोबाइल माझ्या पिशवीत उजळला. तिनं काढला. चौकट बघितली, नाव बघितलं. नको म्हणाले — ऐकू कसं जाणार. तिनं माइकवर बोट ठेवलं —

उघडला.

मला काही ऐकू येत नाही. नुसती शांतता. तिला येतंय. मोबाइल कानाला धरलाय. ओठ हलतात. व्हय. व्हय आई. आले.

उठली. चप्पल नाही घातली. मागच्या दारानं —

मागं प्लॉटच्या पाट्या, त्यांच्या पलीकडं बाभळ. बाभळीकडं चाललीय. मी ओरडते आहे. गळा फाटेस्तोवर — साळूबाई म्हणतात पड, बोलू नको, नुसतं तोंड हलवू नको. मनगट घट्ट धरलंय. पाय उचलत नाहीत —

मोठ्या अक्षरांत लिहून पान फाडून दिलं. रूपा विहिरीकडं गेली, धरा तिला.

साळूबाई पान बघतात. फिरवून बघतात. फोटोखाली नीट घडी घालून ठेवलं. म्हणतात, रूपा आली की वाचंल, मला कुठं वाचाया येतं.