व्याह्यांकडची पाचवी भाकरी आणि आमची विहीर

कशेळी,
वैशाख शुद्ध पंचमी, १९७४

वळ मुक्कामी व्याही राघोशेट यांना केसरीनाथाचा दोन्ही हात जोडून रामराम. (अक्षराला नावं ठेवू नयेत.) आपली तब्येत, विहीणबाईंची कंबर आणि पांढरा बैल, तिन्ही ठणठणीत असतील अशी आशा करतो. इकडे आपली सूनबाई, म्हणजे आमची काशी, आणि पंधरा दिवसांचा नातू खुशाल आहेत. निदान आज सकाळपर्यंत होते.

परवाच्या अमावास्येला मी बाळाचे पेढे घेऊन आपल्याकडे आलो. लेकीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या सासरी पाण्याचा घोटसुद्धा घ्यायचा नाही, हा रिवाज मी तीन वर्षं पाळला. विहीणबाईंच्या तांदळाच्या भाकरीचा आणि वालाच्या बिरड्याचा नुसता वास घेऊन परत फिरायचो. (वासाला रिवाजाची आडकाठी नव्हती.) नातू झाला, रिवाज सुटला आणि तीन वर्षांची भूक मी एका बैठकीत भागवली. पाचव्या भाकरीला आपण "घ्या की" म्हणालात. आपल्याला दोष देत नाही, पण म्हणालात आपणच. मग मी आपल्या ओटीवर जरा आडवा झालो.

नेमकं त्याच वेळी इकडे खाडीला उधाण आलं. आमच्या गावाला पिण्याजोगी विहीर एकच, ती बांधाच्या आत. बांधाला उघाडी आहे, म्हणजे खाडीचं पाणी अडवायचं लाकडी दार. अमावास्या-पौर्णिमेला भरतीआधी ते खाली पाडून बंद करायचं काम पंचायतीने माझ्यावर सोपवलं आहे, माणूस भरवशाचा म्हणून. मी पोचलो तेव्हा खाडी विहिरीत उतरून, पाहुणचार घेऊन परत गेली होती. उन्हामुळे सगळे घरात होते, कोणी पाहिलं नाही. मी गुपचूप दार पाडलं आणि घरी जाऊन पांघरूण घेतलं. वैशाखाच्या तोंडावर!

आता इथली पद्धत ऐका. रोज सकाळी पहिली कळशी मी ओढतो, म्हातारी धोंडूबाई ओंजळभर चाखते आणि ती "गोड हाय" म्हणाली की मगच बाया पाणी भरतात. दुसऱ्या दिवशी मी मान खाली घालून कळशी पुढे केली. आता गाव मला बडवणार हे धरूनच चाललो होतो. धोंडूबाईने घोट घेतला आणि म्हणाली, "गोड हाय."

तेव्हापासून अख्खं गाव खारं पाणी गोड समजून पितं आहे. डाळ खारट झाली की नवरा बायकोवर ओरडतो, बायको सासूवर संशय घेते, पण धोंडूबाईच्या शब्दापुढे पाण्याला कोणी बोलत नाही. एरवी मी पोट धरून हसलो असतो. पण शेजारच्या दोन पोरांना जुलाब लागले आहेत आणि मला झोप नाही. काशीला मी रोज शहाळी पाजली. ("बाबा, आजच एवढे लाड कसले?" असं ती चारही दिवस विचारत होती.) काल माडावरची शहाळी संपली. आज सकाळी तिने माझ्या देखत तांब्या तोंडाला लावला. राघोशेट, गावाच्या जोड्यांपेक्षा मला त्या तांब्याची भीती वाटली. मी तो हिसकावून अंगणात ओतला. तिला वाटलं, बाप खुळावला.

बाकी सर्व ठीक. विहीणबाईंना नमस्कार, बैलाला कुरवाळणे.

आपला,
केसरीनाथ

ता.क. बिरडं फार छान होतं, हे सांगायचं राहिलं.

आणखी ता.क. तांब्या ओतला तसाच उठून धोंडूबाईकडे गेलो आणि सगळं कबूल केलं. ती मटकन पायरीवर बसली. म्हणाली, "माझ्या जिभंला दोन वर्सं चव न्हाय रं. तू कळशी वढून आधी चूळ भरतोस, तवा तुझं तोंड बघून मी सांगते. त्या दिसापास्नं तू चूळ न्हाय भरलीस, तोंड बी न्हाय दावलंस. मंग रोजचंच बोलले." मी तिच्याशेजारी बसलो. बराच वेळ आम्ही दोघेही घाबरलेले होतो.

शेवटचं ता.क. खरं काम हे. आज संध्याकाळी आम्ही दोघं पंचायतीपुढे उभे राहणार. विहीर उपसायला आठ दिवस लागतील. आपल्या विहिरीचं पाणी पिंपं भरून बैलगाडीने पाठवा. लेकीच्या सासरी पाणी मागायला मला लाज वाटते, पण मागतो. गाडी रिकामी परतू नये, सव्वा महिना भरला नसला तरी काशीला आणि बाळाला घेऊन जा. आणि विहीणबाईंनी माझ्यासाठी भाकऱ्या बांधल्या, तर गाडीवानाने त्या वाटेतच संपवाव्यात. पौर्णिमा दहा दिवसांवर आली आहे.