शेपूट पार

५ ऑक्टोबर

त्या सकाळी मी आधी गाडीची काच पुसली होती. वर्तमानपत्राचा कागद ओला करून, आतून आणि बाहेरून. मग थर्मासमध्ये चहा भरला आणि झाकण दोनदा पिळून बघितलं, कारण ते गळायचं. पुढचा एक दिवा आदल्या आठवड्यात गेला होता. मी आणलेला नवा दिवा जरा पिवळट निघाला, दुसरा पांढराच. हे म्हणाले, राहू दे, लांबून ओळखू तरी येईन. गाडी गेल्यावर मी अंगण झाडलं, उशांचे अभ्रे भिजत घातले आणि बटाटे सोलायला घेतले. एवढंच. शेवटची सकाळ अशीच असते, हे आधी कळत नाही.

आज हे आठवलं, कारण धाकट्याच्या गॅरेजमध्ये पाय ठेवला आणि तोच वास आला. ग्रीस, रबर, ओली चिंधी. धाकटा म्हणजे माझा भाऊ. डोक्यावर चार केस उरलेत, तरी माझ्यासाठी धाकटाच. लग्न केलं नाही. त्याचं लग्न गाड्यांशी लागलंय आणि सगळ्या सासुरवाशिणी कुरकुरतात. ह्यांना जाऊन पाच वर्षं झाली, तेव्हापासून म्हणत होता, ताई, तिकडे भिंतींशी बोलत बसतेस, त्यापेक्षा इकडे ये, आमच्या भिंती रिकाम्याच आहेत. शेवटी आले.

खोली गॅरेजच्या वर आहे. लोखंडी जिना, एक खाट, एक टेबल आणि खिडकी एवढी मोठी की डोंगर खोलीतच राहायला आल्यासारखा वाटतो. टेबलावर वायरलेस सेट. धाकटा आणि त्याचे मित्र रविवारी आपापल्या गाड्या घेऊन डोंगरातल्या कच्च्या वाटांवर जातात. मी इथे बसून त्यांच्याशी बोलत राहायचं आणि आठवडाभर आधी वाट आखायला मदत करायची, हे माझं काम. मला नकाशा वाचता येतो. शाळा चौथीत सुटली, पण पुढे हाताला लागेल ते वाचत गेले. ह्यांच्या गाडीचं माहितीपुस्तक तर दोनदा वाचलंय, कादंबरीसारखं. त्यातला खलनायक म्हणजे गिअरबॉक्स.

हे याच गटात होते आणि याच डोंगरावर गेले. खिंडीखाली एक सपाटी आहे. तिथे गाडी उभी सापडली. हँडब्रेक ओढलेला, दोन्ही बाजूंचे दिवे लुकलुकत, हे स्टिअरिंगवर हात ठेवून बसलेले. डॉक्टर म्हणाले, हृदय. मी कुणाला बोल लावला नाही. एवढंच कळलं नाही, की सरळ चाललेली गाडी त्यांनी त्या सपाटीवर थांबवली कशाला.

असो. आज बरं वाटतंय. खिडकीत ऊन आहे. धाकट्याने माझ्यासाठी नवी उशी आणली आहे, प्लास्टिक न काढता तशीच खाटेवर ठेवलीय.

७ ऑक्टोबर

पहिली बैठक. सगळे खाली जुन्या टायरांवर बसले, मला मात्र खुर्ची. दातवाला आहे, म्हणजे दातांचा डॉक्टर. वायरलेसवर कुणी उत्तर दिलं नाही की तो तोंड उघडा म्हणतो. मास्तर भूगोल शिकवून निवृत्त झाले, अजून प्रत्येक नकाशाच्या चुका काढतात. आणि एक नवं जोडपं, त्यांना सगळे नवरानवरीच म्हणतात. ती दोघं एका गाडीत बसून वायरलेसवरून भांडतात, म्हणजे सगळ्यांना ऐकू जावं.

धाकट्याने मला नियम समजावला. गाड्या एकामागे एक जातात आणि प्रत्येकाने आपल्या मागच्या गाडीची काळजी घ्यायची. ती आरशातून दिसेनाशी झाली की थांबायचं, दिसेपर्यंत हलायचं नाही. शेवटच्या गाडीला शेपूट म्हणतात. अवघड जागा ओलांडली की शेपूट सेटवर सांगतं, शेपूट पार. ते ऐकलं की सगळे सुटले. शेपटाला मात्र आरशात बघायचं काही काम नाही, कारण मागे कुणीच नसतं.

हे नेहमी शेपूट असायचे. शाळेची बस चालवायचे ना, शेवटचं पोर चढल्याशिवाय दार लावायचे नाहीत. बस रिकामी झाल्यावरही वाकून प्रत्येक सीटखाली बघायचे.

वाट ठरली ती खिंडीची. पाच वर्षं तिकडे कुणी गेलं नव्हतं. मास्तर चष्मा पुसत माझ्याकडे बघत राहिले. मी म्हटलं, डोंगराने काय घोडं मारलंय माझं? सगळे हसले, जरा जास्तच.

११ ऑक्टोबर

पहिला रविवार. पुढे धाकटा, मग मास्तर, मग नवरानवरी, शेपूट दातवाला. दुपारपर्यंत मजेत. नवरीने नवऱ्याला सेटवर सांगितलं की तुझ्यापेक्षा बैल बरा वळतो. मी एकटीच खोलीत हसले. किती दिवसांनी.

मग धुकं उतरलं. सपाटीच्या पुढे नवरानवरी म्हणाली, आरशात दातवाला नाही. सगळे थांबले. धाकटा चालत मागे गेला. बऱ्याच वेळाने सगळे खाली उतरले तेव्हा दातवाला म्हणाला, शेपूट पार. त्याच्यानंतर सेटवर आणखी एकदा टक् झालं, बटण दाबल्यासारखं, आणि कुणीतरी बोलायच्या आधी श्वास घ्यावा तसा श्वास. मग काही नाही.

संध्याकाळी गॅरेजमध्ये दातवाल्याने विचारलं, पाचवी गाडी कुणाची होती, मला आधी सांगायचं तरी. त्याच्या मागे दिवे होते. सपाटीवर ते यायचे थांबले, म्हणून तो थांबला. किती वेळ ते त्याला सांगता येईना. धाकट्याने काचेवर मुठी आपटल्या तेव्हा तो जागा झाला. हँडब्रेक ओढलेला होता आणि दिवे लुकलुकत होते.

सगळ्यांनी त्याची टर उडवली. तो हसला नाही. म्हणाला, एक दिवा पिवळट होता.

मी चहाचे कप धुतले. मला भीती वाटली नाही, बरं वाटलं. ते वाईट.

१४ ऑक्टोबर

आज बैठकीत मी पिवळ्या दिव्याचं सांगून टाकलं. ह्यांची ती गाडी खाली गॅरेजच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली उभी आहे, धाकट्याने ती दुरुस्त करून ठेवलीय. कुणीच तिकडे बघेना.

मग धाकटा बोलला, पाच वर्षं न बोललेलं. त्या दिवशी तो ह्यांच्या पुढे होता. भाऊजींचे दिवे त्याला आरशात दिसत होते, पिवळा आणि पांढरा, अगदी खालच्या फाटकापर्यंत. म्हणून तो कुठे थांबला नाही. फाटकाशी उतरून वळून बघितलं तर रस्ता रिकामा. भाऊजी तेव्हा वर सपाटीवर होते, केव्हाचे गार पडलेले. तो मलाच विचारत होता, मग माझ्या मागे खालपर्यंत आलं ते काय, ताई?

मला दुसरंच कळलं. ह्यांनाही मागे कुणीतरी दिसलं असणार. आणि मागे कुणी राहिलंय म्हटल्यावर ते पुढे जाणारे नव्हते.

मास्तर म्हणाले, ती वाट सोडा. दातवाल्याने सांगून टाकलं की तो येणार नाही. धाकटा हट्टाला पेटला. रविवारी शेपूट मीच राहीन म्हणाला, आरसे काढून. दिसलंच नाही तर थांबायचा प्रश्न येत नाही. मी नको म्हटलं असतं तर त्याने ऐकलं असतं. लहानपणापासून ऐकतो.

मी म्हटलं नाही. मला सेटवरचा तो श्वास पुन्हा ऐकायचा होता.

१८ ऑक्टोबर

सकाळी काच पुसली. थर्मास भरला. धाकट्याच्या गाडीचे तिन्ही आरसे मी स्वतः पाना घेऊन काढले. तो म्हणाला, ताई, आता मागून कुणी आलंच तर माझ्या वतीने नमस्कार सांग.

दुपारी धुकं. मास्तर पार. नवरानवरी पार, आज भांडण नाही. मग धाकटा म्हणाला, सपाटीवर येतोय, मागे काही नाही, असलं तरी मला काय दिसतंय. हसला.

टक् झालं.

थांबा जरा. आलोच.

ह्यांचा आवाज. तोंडाला साबण लावलेला असताना मोरीतून द्यायचे तसा.

धाकटा म्हणाला, ताई, ऐकलंस? भाऊजी आहेत. थांबू का?

एकच शब्द बोलायचा होता मला. नको. मी बटण दाबलं आणि म्हटलं, अहो. कुठे आहात? मी बोलतेय. ऐकू येतंय का?

बटण दाबलेलं असेपर्यंत दुसऱ्या कुणाचाच आवाज सेटवर येत नाही. धाकट्याने पहिल्याच दिवशी शिकवलं होतं, ताई, बोल आणि सोड. मी सोडलं नाही. पाच वर्षांचं बोलले. तुमचा स्वेटर कुणाला दिला ते सांगितलं. अभ्रे त्या दिवशी दोरीवर तसेच राहिले ते सांगितलं. तिकडे धाकटा विचारत असेल, थांबू का, थांबू का, आणि मी बोलत होते.

सोडलं तेव्हा नुसती खरखर.

१९ ऑक्टोबर

सपाटीवर सापडला. हँडब्रेक. दिवे. डोळे उघडे, मान वळवून मागच्या काचेकडे.

मास्तर खाली टायरवर बसून लहान मुलासारखे रडले. मला रडू आलं नाही. मी आरसे पुसून फळीवर ठेवले.

२४ ऑक्टोबर

गट मोडला. नवरानवरी गाव सोडून गेली. मास्तरांनी फोन उचलणं बंद केलं.

दातवाला रोज येतो, पाव आणि अंडी ठेवून जातो. बायकोने सांगितलंय म्हणे, त्यांना आपल्याकडे आण. मी नाही म्हणते. आज जाताना म्हणाला, कुठेही गेलात तरी मला कळवून जा. नाहीतर मी शोधत बसेन. चांगला माणूस आहे.

खिडकीला चादर लावली आहे. डोंगर नको.

२७ ऑक्टोबर

दुपारी सेट आपोआप बोलला.

ताई, थांबू का?

बटण दाबलं, नको म्हटलं, थांबू नकोस, खाली ये. लगेच सोडलं. वाट बघितली.

ताई, थांबू का?

२९ ऑक्टोबर

बॅटरी काढली. सेट पुसून उलटा ठेवला.

दुपारी तेच. दातवाला जिन्यात होता, त्यानेही ऐकलं. हातातली अंडी पायरीवर ठेवली, हळू, एकही न फोडता. माझ्याकडे बघितलं आणि उतरून गेला. त्याला नावं ठेवत नाही.

३१ ऑक्टोबर

इथून कितीही नको म्हटलं तरी त्याला ऐकू जात नाही. दिवसभर विचारतो. आवाज बसलाय त्याचा. गारठलाय.

नियम साधा आहे. मागचा दिसला नाही तर पुढच्याने थांबायचं, मागे जायचं. पुढे कोण उरलंय? मीच.

गाडी मला चालवता येते. ह्यांनी शिकवलं, बस लावायच्या मैदानात. म्हणाले होते, क्लच असा सोड, झोपलेल्या पोराच्या अंगाखालून हात काढल्यासारखा.

१ नोव्हेंबर

ताडपत्री काढली. एका खटक्यात सुरू झाली. पिवळा दिवा अजून लागतो.

दातवाल्याच्या दारात चिठ्ठी सरकवून आले. सकाळी डोंगरावर जातेय, सपाटीपर्यंत. त्याने सांगितलं होतं कळवून जा, म्हणून.

२ नोव्हेंबर

सकाळी काच पुसली. थर्मास भरला. झाकण दोनदा पिळलं.

सपाटीवर पोचले. वही मांडीवर आहे. धुकं आहे. हँडब्रेक ओढला. दोन्ही बाजूंचे दिवे लावले. का लावले, कळलं नाही. हात आपोआप गेला.

पुढे कुणी नाही. धाकटा नाही.

आरशात दिवे आले. एक पिवळट, एक पांढरा. माझ्याच गाडीसारखे. तिथेच उभे. पुढे येत नाहीत.

गाडीतल्या सेटचं बटण दाबून विचारलं, कोण आहे. सोडलं.

उत्तर आलं. बाईचा आवाज. अहो. कुठे आहात? मी बोलतेय. ऐकू येतंय का?

माझा आवाज. त्या दिवशीचा, जसाच्या तसा.

म्हणजे ते हे नव्हतेच. कधीच नव्हते. धाकटाही—

खूप गार आहे. किल्ली फिरवायचीय, हात स्टिअरिंगवरून उचलत नाही. लिहिणारा तेवढा हलतोय.

दातवाला येईल. चिठ्ठी वाचून येईलच. एकटा येईल, म्हणजे शेपूट तोच. त्याला माझा आवाज येईल मागून आणि तो—

डॉक्टर, वही आधी वाचा. मागे बघू नका. मी तुम्हाला बोलावलेलं नाही. मी बोलावलं तरी—