माझा सर्व्हर आणि इम्पीचा फोन

१० मे, दुपार
तर सगळ्यात आधी टपकली शेजारची इम्पी. मागून गावमंडळाचे अध्यक्ष तायस्तो, दारात बूट काढून, भोकं पडलेल्या मोज्यांनिशी. म्हणे, हिल्मा, तुझ्याकडची गावाच्या फोटोंची साइट उघडत नाही. म्हटलं, आधी बसा तर! टेबलावर लॅपटॉप चालू होता, तो मिटून कपाटात ठेवला. पाहुण्यांपुढे यंत्र मांडायला मी काय दुकान थाटलंय? टेबलक्लॉथ अंथरला, वेलदोड्याचा पाव कापला. इम्पीनं फोन काढला. पान उघडेना. चेहरा असा केला, जणू पावच कच्चा निघाला. चार तुकडे मात्र खाल्ले.

संध्याकाळ
दोघं गेली, लॅपटॉप उघडला, तर सगळं झकास! जुना फेरीघाट, गोठलेलं तळं, आमच्या ह्यांनी हयातीत काढलेला एकेक फोटो. फोनच भिकार तिचा.

११ मे
सर्व्हर मी स्वतः लिहिलाय, वाचनालयातल्या म्हाताऱ्यांच्या कॉम्प्युटर वर्गात. शाळा लवकर सुटली माझी, पण जावास्क्रिप्टला ते कुठं ठाऊक? कुणी फाइल मागितली की फोल्डरमधून काढून पानात वाढायची. वाढपीच तो, माझ्या लॅपटॉपात बसलेला. वाढण्यातलं मला कोण शिकवणार?

१३ मे
इम्पी एकटीच. म्हणे, अजून नाही उघडत गं. लॅपटॉप कपाटात, कॉफी पुढ्यात. साखर संपली होती, तिला गुळचट बोलून भागवलं.
ती गेल्यावर चूक सापडली! काल नव्यानं चढवलेल्या फोटोऐवजी नुसती अक्षरांची खिचडी. सर्व्हरला बजावलं, बाबा रे, हा फोटो आहे, मजकूर नाही. लगेच दिसला. संपली कटकट.

१४ मे
तायस्तोंचा फोन. रविवारी येतो, तेव्हा चालली नाही तर साइट इम्पीकडे. म्हणजे पहिल्या पानावर तिची कुत्री, आणि ह्यांचे फोटो कुठंतरी तळाशी! छे. सर्व्हरच्या नोंदीत काल रात्री कुणी स्वीडनहून फोटो बघून गेलेलं दिसतंय. परदेशात चालतं, शेजारी चालत नाही. मत्सर, दुसरं काय.

१६ मे, रविवार
सात प्रकारची बिस्किटं केली. मान म्हणून आज लॅपटॉप नुसता मिटला नाही, पुरता बंद करून ठेवला. इम्पीनं फोन काढला. नाहीच.
तायस्तोंनी विचारलं, यंत्र कुठाय गं?
म्हटलं, कपाटात. बंद.
आम्ही आलो की दर वेळी?
म्हटलं, मग! मला काय रीतभात नाही?
इम्पी हसता हसता ठसकली, मीच पाठ चोळली तिची. मग तायस्तोंनी हळू आवाजात समजावलं, लॅपटॉप मिटला की वाढपीही झोपतो. मला वाटायचं, तो आत काम करत असेल.
म्हटलं, आता उघडाच ठेवते की. तर म्हणाले, राहू दे हिल्मा, मंडळाचं ठरलंय.
साइट इम्पीकडे. ह्यांचे फोटो न्यायला दोघं गुरुवारी येणार आहेत.