एका हाताचं पाणी

आई,

सध्या दर रविवारी सकाळी मी एका वर्गाला जातो. आपल्या जुन्या बिल्डिंगपासून दोन सेक्टर पलीकडे, एका सोसायटीच्या हॉलमध्ये. दाराला कागद लावलेला आहे: घरच्या घरी हस्तकला आणि बागकाम. चौदा बायका आणि मी. शिकवणारी आपल्या शेजारची. लग्नाआधी रोज संध्याकाळी तुझ्याजवळ येऊन बसायची ती. आता तिचीच मुलगी लग्नाची झाली आहे. न्हावा शेव्याच्या ऑफिसात आठवडाभर कंटेनरचे कागद तपासले की हाताला काहीतरी वेगळं हवं असतं, असं मी लोकांना सांगतो. ते खोटं नाही. पण पहिल्याच रविवारी तिने पिशवीतून तुझी कात्री काढली. काळ्या मुठीची, एका मुठीला लाल दोरा गुंडाळलेली. त्या कात्रीने तिने पुठ्ठा कापला. तू कुणाला कागदसुद्धा कापू द्यायची नाहीस. कापडाची कात्री होती ती. तेव्हापासून एकही रविवार चुकवलेला नाही. तुझं काय काय ती बिघडवते ते बघायला जातो.

बिघडवत नाही, हीच अडचण आहे. परवा रुखवताच्या सुपाऱ्या होत्या. माझ्या शेजारची बाई म्हणाली, "काका, धोतर नेसवताय की प्लास्टर घालताय?" दुसरी म्हणाली, "राहू दे गं, त्यांचा पेशंट आहे तो." सगळ्या हसल्या, मीही हसलो. शिकवणारीने माझ्या हातातली सुपारी घेतली, तीन घड्यांत धोतर नेसवलं आणि परत दिली. "असं. काकू असंच करायच्या." तू कसं करायचीस, ते तिने मला सांगितलं.

स्वयंपाकघरातली ती फरशी आठवते. बेलापूरच्या ऑफिसातून तू सहाला येतेस, कुकर लावतेस आणि खाली वर्तमानपत्र पसरतेस. ऑफिसातल्या कुणाच्या ना कुणाच्या मुलीचं लग्न असतंच, आणि रुखवत तुझ्याकडेच येतं. ती तुझ्या डाव्या हाताला मांडी घालून बसलेली. मला तू गॅसपाशी उभं केलं आहेस, मैद्याची खळ ढवळायला. "गुठळी होऊ देऊ नको." माझ्या खळीत कधी गुठळी झाली नाही, हे तुझ्या लक्षात आलं होतं की नाही, माहीत नाही. एकदा खळ निवेपर्यंत मीही खाली बसलो आणि लाल चिंधीचा फेटा एका सुपारीला बांधला. तू ती सुपारी उजेडाकडे धरलीस. "बरा झालाय," म्हणालीस. मग म्हणालीस, "आता खाली जा, पोरं खेळतायत. बायकांत काय बसतोस?" सुपारी तू ठेवून घेतलीस. मी खाली गेलो नाही, जिन्यात बसलो. आतून तुम्हा दोघींचं हसणं ऐकू येत होतं. माझ्यावर हसत नसाल. पण ते हसणं मला अजून ऐकू येतं.

तिचं लग्न ठरलं तेव्हा मी वीस वर्षांचा होतो. हे मुद्दाम लिहितो. लहान होतो, असं म्हणायची सोय नको. तिच्या रुखवतासाठी तू लाकडी ट्रेमध्ये शेत करायला घेतलंस. आगपेटीच्या काड्यांची विहीर, खारकांचे बैल, आणि पीक मात्र खरं, गव्हाचं. लग्नाच्या दिवशी बरोबर चार बोटं उंच हवं, म्हणून नऊ दिवस आधी पेरलेलं. वर ओलं गोणपाट. रोज सकाळी ऑफिसला जाण्याआधी तू बोटांनी पाणी शिंपडायचीस, देवावर शिंपडावं तेवढंच. पेरलं त्या संध्याकाळी तू तिला म्हणालीस, "माझ्या हातातलं कुणाकडे तरी गेलं. नाहीतर माझ्याबरोबरच संपलं असतं." मी खळीचं पातेलं घेऊन दारात उभा होतो.

तिसऱ्या दिवशी दुपारी कॉलेजातून आलो. घरात कुणी नव्हतं. गोणपाट उचललं आणि तांब्याभर पाणी ओतलं. चौथ्या दिवशी दोन तांबे. पाचव्या दिवशीही. रागाने केलं म्हणावं, तर तसं नव्हतं. हात अगदी शांत होता. गोणपाट पुन्हा जसं होतं तसं घातलं, कोपरेसुद्धा नीट केले.

सहाव्या दिवशी सकाळी घरभर आंबूस वास आला. तू मातीत बोट खुपसलंस, बोट पदराला पुसलंस. "माझाच हात जड पडला," म्हणालीस. माझ्याकडे पाहिलं नाहीस. पुन्हा पेरायला दिवस उरले नव्हते. सुताराकडून भुसा आणून तू तो हिरवा रंगवलास. लग्नात बायका वाकून वाकून बघत होत्या. "अगंबाई, किती हुबेहूब!" शेजारी चिठ्ठी होती: वधूने स्वतः केलेले. आणि विहिरीवरच्या शेतकऱ्याच्या डोक्याला माझा लाल फेटा होता. तू तो इतकी वर्षं जपून ठेवला होतास, आणि तिला देऊन टाकलास. पाठवणीच्या वेळी कात्रीही दिलीस.

पुढच्याच आठवड्यात तू मला म्हणालीस, "आजपासून गॅलरीतल्या कुंड्यांना तूच पाणी घालायचं. मी हात लावणार नाही." मी कुरकुर केली. शिक्षा वाटली, कशाची, हे विचारलं नाही. तू गेलीस तोवर, नऊ वर्षं, तू खरंच थेंबभर पाणी घातलं नाहीस. मी बाहेरगावी गेलो की कुंड्या माना टाकायच्या. तू त्यांच्याशेजारी खुर्ची टाकून पेपर वाचत बसायचीस.

मागच्या महिन्यात वर्गात गहू पेरायला शिकवलं. ती म्हणाली, "एक लक्षात ठेवा. पाणी एकाच हाताचं. दोन हात लागले की कुजतं. आमच्या काकू सांगायच्या." मागून एकजण म्हणाली, "मग आमच्याकडे झालंच! सासूबाई दिवसातून चारदा घालतात." हसणं ओसरल्यावर मी विचारलं, "आईने तुला हे कधी सांगितलं?"

"लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी आले होते ना, तेव्हा. आपणहून."

"अजून काय म्हणाली?"

"काही नाही रे. एवढंच."

म्हणजे तुला माहीत होतं. हे कळल्यावर मला लाज वाटायला हवी होती. ती वाटली, पण नंतर. आधी वाटलं, हेही तिलाच सांगितलंस.

कुंड्यांचं मला आता उलगडत नाही. तू माझ्यावर विश्वास टाकला होतास, की खुर्ची टाकून पहारा बसवला होतास?

तिच्या मुलीच्या रुखवताचा गहू माझ्या गॅलरीत आहे. तिनेच आणून ठेवला. "माझ्याकडे पाहुण्यांची जत्रा भरलीये. येणारा-जाणारा तांब्या उपडा करतो. तू एकटा असतोस, सकाळी तेवढं शिंपडशील ना?"

"बिघडलं तर?"

"काय टेन्शन घेतोस? काकूंचा मुलगा ना तू!"

दार लावून घेतल्यावर ते वाक्य मी पुन्हा पुन्हा मनात म्हणून पाहिलं. ती मात्र सहज बोलून गेली होती.

आज चौथा दिवस. सकाळी बोटांनी शिंपडलं. आता दुपार आहे. गोणपाट उचलून पाहिलं. कोंब पिवळे आहेत, सरळ, सगळे एका उंचीचे. तुझ्याकडेही इतके एकसारखे कधी आले नव्हते. ते माझ्या गॅलरीत आहेत आणि तिचे आहेत.

ट्रेच्या तळाला भोकं आहेत. हा कागद घडी करून त्यांच्याखाली सरकवणार आहे. पाणी जास्त पडलं तर शाई पसरेल. पत्र तुझ्यापर्यंत पोचायचं नाही, पण ट्रे उचलला की पसरलेली शाई दिसेल, लपवायलाही मला जागा उरणार नाही.

तांब्या मघाशी भरला. ओतला नाही. टेबलावर, या कागदाशेजारी आहे, आणि अजून भरलेलाच आहे.