नोव्हेंबरातला वास

नोव्हेंबर, मंगळवार. संध्याकाळचा चहा झाल्यावर.

आजही तोच वास आला. ऑक्टोबरचा उकाडा गेला, थंडीचा मात्र पत्ता नाही. ऊन उतरलं की वारा असा पडतो की तळोज्याच्या कारखान्यांचा धूर खारघरात आमच्या इमारतीपाशीच साचून राहतो. पावसाळ्यात हे जाणवतही नाही. खिडकी लावली तर घरात घुसमट, उघडली तर सईचा खोकला. सात वर्षांची पोर, दर नोव्हेंबरात खोकते.

माझी बायको मंजिरी खिडकी लावत होती, तेव्हा सईने विचारलं, "बाबा, हा वास तुझ्या कंपनीचा आहे?"

मी पटकन म्हणालो, "छे गं! आमची कंपनी लांब आहे."

लांब कसली? बारा वर्षं तळोज्यातच केमिकल प्लांटवर सुपरवायझर आहे मी. वास आमचाच असेल असंही नाही, तिथे कितीतरी कारखाने आहेत. पण मला खरंच माहीत नाही, आणि मी कधी विचारलंही नाही. का नाही विचारलं? नोकरीची भीती, दुसरं काय!

मंजिरीने नुसतं माझ्याकडे बघितलं आणि आत गेली. तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही.

शेवटी आत्ता सईजवळ जाऊन बसलो. म्हटलं, "मघाशी मी खोटं बोललो. कंपनी जवळच आहे. वास आमचा आहे का, ते मला माहीत नाही."

"मग उद्या विचारशील?"

"विचारतो."

हो म्हणून तर बसलोय. साहेबांसमोर तोंड उघडेल का, तेच कळत नाही.